कऱ्हाडमधला ऱ्ह आणि एक ओबीएस प्लगइन

२०२० च्या आषाढीला पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, आठवत असेल सगळ्यांना. त्या वर्षी माझ्या मामेभावाचं लग्नाच्या शूटिंगचं काम पार बंद पडलं, दोन कॅमेरे, ट्रायपॉड, लाइट सगळं घरात आणि हप्ते मात्र चालू. गावातल्या मंडळींनी ठरवलं की सप्ताह मोडायचा नाही, देवळात चारपाच जणच बसतील आणि कीर्तन यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं, ते काम याच्याकडे आलं. त्याच्याकडचा लॅपटॉप जुना, विंडोज त्यावर धापा टाकायचं म्हणून आदल्या दिवाळीत मीच त्याला उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकून दिलं होतं. ओबीएस, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाज जुळवून लाइव्ह पाठवणारं सॉफ्टवेअर, घातलं, कॅमेरा जोडला, चित्र आलं, आवाज आला, आणि मग खालच्या पट्टीत 'श्री विठ्ठल रुक्मिणी मंदिर' आणि बुवांचं नाव टाकायला गेला तेव्हा रात्री साडेदहाला मला फोन.

"दादा, अक्षरं फुटतायत रे."

त्याने स्क्रीनशॉट पाठवला. 'श्री' च्या जागी आधी श, त्याच्या पायाशी लटकलेला हलंत, मग सुटा र, मग वेलांटी. 'विठ्ठल' मधली पहिली वेलांटी व च्या आधी काढायची असते ती व आणि ठ च्या मध्ये जाऊन बसलेली. देवाचं नाव असं फुटलेलं बघून मला फार वाईट वाटलं, आणि त्याला तर लोकांसमोर जायचं होतं. त्या रात्री आम्ही दोघांनी लिबरऑफिसमध्ये सगळी नावं टाइप करून त्यांची चित्रं बनवली आणि ओबीएसमध्ये इमेज म्हणून लावली. सात दिवस सात बुवा, प्रत्येकाची वेगळी पीएनजी. सप्ताह पार पडला, पण माझ्या डोक्यातून ते जाईना.

कारण समजायला मला दोन दिवस लागले. विंडोजवर ओबीएसचा जो टेक्स्ट सोर्स, म्हणजे चित्रावर मजकूर दाखवणारा भाग, आहे तो विंडोजची स्वतःची यंत्रणा वापरतो, जीडीआय प्लस, ती देवनागरी नीट जुळवते, म्हणून विंडोजवाल्यांना हा त्रास कधी दिसलाच नाही. लिनक्स आणि मॅकवर फ्रीटाइप २ चा टेक्स्ट सोर्स. आता फ्रीटाइप म्हणजे फॉन्टमधून एकेक आकार काढून देणारी लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड), कुठला आकार कुठे बसवायचा हे तिचं काम नाही. इंग्रजीला तेवढं पुरतं, एकापुढे एक अक्षर ठेवत गेलं की शब्द झाला. आपल्याकडे श अधिक हलंत अधिक र अधिक ई मिळून एकच आकार होतो, वेलांटी मागे सरकते, रफार वर चढतो, ही सगळी जुळवाजुळव करायला मध्ये एक वेगळा टप्पा लागतो, त्याला शेपिंग म्हणतात, आणि मोकळ्या सॉफ्टवेअरच्या जगात ते काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. त्या टेक्स्ट सोर्समध्ये हा टप्पाच नव्हता.

शोधताना परदेशातल्या एकाचं छोटंसं प्लगइन, म्हणजे ओबीएसला वरून जोडायचा तुकडा, सापडलं, पँगो वापरून केलेलं. पँगो म्हणजे हार्फबझच्या वरचा थर, ओळी पाडणं, फॉन्ट निवडणं, उजवीकडून डावीकडे लिहिणं हे तो बघतो. मी बिल्ड केलं, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल बनवली, 'श्री विठ्ठल' टाकलं आणि अक्षरं बरोब्बर आली, पण अक्षरांभोवती काळपट कड दिसत होती. मूळ लेखकाला मेल लिहिली, त्याने दोन ओळीत उत्तर दिलं की आता मला वेळ नाही, तुला करायचं असेल तर कर, आणि रेपोचे, म्हणजे कोड ठेवलेल्या जागेचे, हक्कच दिले. मी तोवर दुसऱ्याच्या प्रोजेक्टला एक साधा पॅचसुद्धा पाठवला नव्हता, नोकरीत बँकेच्या सॉफ्टवेअरचं जावा लिहायचो. सी भाषा कॉलेजनंतर हातात धरली नव्हती. पण वाटलं की हे आपण नाही केलं तर दुसरं कोण करणार आहे, आणि तेव्हापासून आजपर्यंत शनिवार सकाळ त्याची.

ती काळपट कड हा माझा पहिला बग, आणि त्याच्यावर तीन शनिवार गेले. झालं असं की पँगो अक्षरं काढतो ती कैरो नावाच्या लायब्ररीच्या कागदावर, आणि कैरो रंगाचे आकडे ठेवताना ते पारदर्शकतेने आधीच गुणून ठेवतो. म्हणजे अक्षराच्या कडेचा अर्धपारदर्शक पांढरा पिक्सेल तिथे पांढरा नसतोच, राखाडी म्हणून साठवलेला असतो. प्लगइन ते ओबीएसला देताना पुन्हा एकदा पारदर्शकतेने गुणत होतं, म्हणून राखाडीचा आणखी गडद राखाडी. एका ओळीत ब्लेंडिंगची पद्धत बदलली की पहिल्या रंगाला पूर्ण घ्या, पुन्हा गुणू नका, आणि कड गेली. भगव्या पट्टीवर पांढरं अक्षर स्वच्छ उठून दिसलं तेव्हा मी बायकोला उठवून दाखवलं होतं, ती म्हणाली चांगलंय, आता झोप.

मग मामेभावाची मागणी आली. कीर्तन झाल्यावर तो गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा लाइव्ह करायला लागला होता, नंतर कुस्तीची मैदानंही. प्रत्येक वेळी सोर्सच्या प्रॉपर्टीज उघडून नाव बदलणं त्याला जमत नव्हतं, त्याला बाजूला एक खिडकी हवी होती, नावांची यादी आणि 'पुढचं' असं एक बटण. ओबीएसमध्ये याला डॉक म्हणतात, क्यूटी या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीने करता येतो. मी केला. आणि तिथे जी चूक केली ती सांगतो, कारण नवीन प्लगइन लिहिणारा जवळजवळ प्रत्येकजण ती करतो असं मला आता इतरांचे कोड बघून वाटतं.

ओबीएसमध्ये खिडक्या आणि बटणांचा एक धागा, म्हणजे एकाच वेळी वेगळी चालणारी कामाची ओळ, असतो आणि चित्र काढायचा दुसरा. चित्राचा धागा सेकंदाला ३० किंवा ६० वेळा प्रत्येक सोर्सला विचारतो की तुझं चित्र दे. माझं बटण दाबलं की मी तिथल्या तिथे जुनं टेक्श्चर, म्हणजे पट्टीचं तयार चित्र, फेकून नवीन बनवत होतो, बटणाच्या धाग्यात. म्हणजे समजा भिंतीवर चित्र लावलंय, लोक बघतायत, आणि मागून कोणीतरी खिळाच उपटला. शंभरात नव्याण्णव वेळा काही होत नाही, कारण बघणारा त्या क्षणी बघत नसतो. शंभराव्या वेळी ओबीएस क्रॅश. आणि ती शंभरावी वेळ फायनलच्या शेवटच्या ओव्हरला आली, लाइव्हवर माणसं होती, स्ट्रीम पुन्हा चालू करेपर्यंत मॅच संपली. त्या स्पर्धेच्या आयोजकांनी भावाचे पैसे कापले. मला तो काही बोलला नाही, मामीकडून कळलं.

दुरुस्ती सोपी निघाली. बटणाने फक्त सेटिंगमध्ये नवीन मजकूर ठेवायचा आणि ओबीएसला सांगायचं की अपडेट कर, बस. ओबीएस व्हिडिओ सोर्सचं अपडेट स्वतःच चित्राच्या धाग्यावर, पुढच्या फ्रेमच्या आधी करून घेतं. त्याची व्यवस्था तयार होती, मी ती वाचली नव्हती. तेव्हापासून मी नियम केला की प्लगइनमध्ये नवीन काहीही घालायच्या आधी ओबीएसचा स्वतःचा एखादा तयार सोर्स उघडायचा, ते लोक तेच काम कसं करतात ते वाचायचं आणि मगच हात लावायचा. त्यांचा कोड सगळा उघडा आहे, जीपीएल या मोकळ्या परवान्याखाली, आणि खरं सांगतो, त्यांच्या वेबसाइटवरच्या डॉक्युमेंटेशनपेक्षा मला तो कोडच जास्त शिकवून गेला.

मेमरी लीकचं, म्हणजे घेतलेली मेमरी परत न सोडण्याचं, प्रकरण याच्या पुढच्या हंगामातलं. ओबीएस बंद करताना लॉगच्या शेवटी एक ओळ येते, मेमरी लीक किती राहिले त्याचा आकडा. सुरुवातीला माझ्या प्लगइनमुळे तिथे मोठा आकडा यायचा, कारण फॉन्टची सेटिंग वाचली की ती वस्तू परत सोडावी लागते आणि ते कोडमध्ये राहिलं होतं. ते सोडलं, आकडा शून्य झाला, मी निर्धास्त. पण एका रविवारी भावाचा मेसेज, सकाळी ९ ला चालू केलं, ४ वाजता लॅपटॉप अडकायला लागला, कर्सरसुद्धा हलेना. लॉगमधला लीकचा आकडा? शून्य.

आता गंमत बघा, तो शून्य खराच होता. ओबीएस फक्त स्वतःच्या फंक्शनने घेतलेली मेमरी मोजतं. पँगो आणि कैरो मेमरी घेतात ती त्यांच्या पद्धतीने, तिचा हिशोब ओबीएसकडे नसतो. मी कैरोचा कागद प्रत्येक वेळी नवीन घेत होतो आणि कोडच्या एका फांदीत, मजकुराला सावली असेल तेव्हा, जुना फाडायचा विसरलो होतो. पट्टी १९२० बाय २०० पिक्सेलची, एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एका कागदाला १५ लाख ३६ हजार बाइट. दिवसाला सहासहा ओव्हरच्या आठ मॅच धरा, दोन्ही डाव मिळून ५७६ बॉल, वाइड नो बॉल सोडून. प्रत्येक बॉलला धावा, ओव्हर आणि हव्या असलेल्या धावा असं दोनतीन वेळा पट्टी नव्याने बनायची. पावणेदोन जीबी तर नक्की, अडीचच्याही पुढे जात असणार. त्याच्या लॅपटॉपला एकूण ४ जीबी.

सापडायला वेळ लागला कारण व्हालग्रिंड या मेमरीचा हिशोब तपासणाऱ्या साधनाखाली अख्खं ओबीएस चालवलं तर ते इतकं संथ होतं की काही कळत नाही. शेवटी अक्षरं काढायचा भाग ओबीएसपासून वेगळा केला, एक छोटा प्रोग्रॅम लिहिला जो हजार वेळा नुसती पट्टी काढतो आणि फेकतो, आणि त्याच्यावर व्हालग्रिंड लावलं. पाच मिनिटांत नेमकी ओळ हातात. हा छोटा प्रोग्रॅम मी ठेवून दिला आणि पुढे त्याने मला जेवढं वाचवलं तेवढं दुसऱ्या कशाने वाचवलं नाही, ते पुढे येईलच.

मग ओबीएस २८. २०२२ ची गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती आणि त्याच दिवशी ओबीएस २८ आलं. मोठी आवृत्ती होती, क्यूटी ५ वरून क्यूटी ६ वर गेले, ३२ बिटचं विंडोज सोडलं, ॲपलच्या नव्या चिपवर थेट चालायला लागलं. बीटा, म्हणजे चाचणीच्या, आवृत्त्या आधीपासून मिळत होत्या, मी एकही लावून बघितली नव्हती, ऑफिसचं काम होतं, घरी गणपती होते, पुढे ढकललं. क्यूटी ५ वर बिल्ड केलेलं प्लगइन क्यूटी ६ च्या ओबीएसमध्ये चालत नाही. आणि उबुंटूवर ओबीएसच्या पीपीएवरून, म्हणजे त्यांच्या पॅकेजच्या साठ्यावरून, ज्यांनी घेतलंय त्यांना सिस्टम अपडेट केलं की नवीन ओबीएस आपोआप येतं. गौरी बसल्या त्या दिवशी माझ्याकडे मेसेज यायला सुरुवात झाली, मंडळाची आरती लाइव्ह आहे आणि पट्टीच गायब, डॉकही नाही, नावही नाही.

सगळ्यात वाईट हे की पट्टीच्या सोर्सला क्यूटीची गरजच नव्हती. क्यूटी लागायचं ते फक्त डॉकला. पण मी दोन्ही प्लगइनच्या एकाच .एसओ फाइलमध्ये बांधलं होतं, म्हणून डॉकबरोबर अक्षरंही गेली. त्या रात्री आरती, जेवणं आटपल्यावर बसलो आणि आधी डॉक कापून नुसती अक्षरांची फाइल बिल्ड करून टाकली, पहाटे साडेतीनला रिलीज. लोकांना निदान पट्टी मिळाली. डॉक क्यूटी ६ वर न्यायला नंतर दोन आठवडे लागले, त्यात क्यूटीचा बदल थोडाच होता, सीमेक या बिल्डच्या साधनाच्या फाइलींनीच जास्त खाल्लं. पण ती फाळणी मी कायम ठेवली, अक्षरं वेगळ्या फाइलमध्ये, डॉक वेगळ्या. पुढे ओबीएस ३० मध्ये डॉक जोडायचं जुनं फंक्शन बाद ठरवून नवीन आणलं, तेव्हा अक्षरांच्या बाजूला हातसुद्धा लावावा लागला नाही.

बिल्डसाठी ओबीएसच्या मंडळींनी प्लगइनचा एक साचा दिलेला आहे, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर तो घेतला की विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींसाठी बिल्ड आपोआप होतं. माझ्या आधीच्या हाताने लिहिलेल्या स्क्रिप्ट सगळ्या काढल्या आणि साच्यात गेलो, हे आधीच करायला हवं होतं. फक्त मॅकचं एक दुखणं राहिलंच, ॲपलची सही नसेल तर मॅक फाइल उघडू देत नाही, आणि सहीसाठी डेव्हलपर खात्याचे वर्षाला ९९ डॉलर. मी भरत नाही. मॅकवाल्यांना स्वतः बिल्ड करा असं लिहिलंय, त्यांची नाराजी मला मान्य आहे.

फ्लॅटपॅक, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रॅम टाकायची एक वेगळी पद्धत, तिच्याबद्दल पण थोडक्यात. 'प्लगइन टाकलं पण दिसत नाही' असा इश्यू, म्हणजे गिटहबवरची तक्रार, आला की आता माझा पहिला प्रश्न हाच असतो की ओबीएस कुठून घेतलंय. फ्लॅटपॅकचं ओबीएस स्वतःच्या कप्प्यात राहतं, घरच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये नेहमीच्या जागी ठेवलेली फाइल त्याला दिसत नाही. हे इन्स्टॉलच्या पानावर सगळ्यात वर, मराठीत आणि इंग्रजीत ठळक लिहिल्यावर हे इश्यू जवळजवळ थांबले. ते पान नाशिकच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीने लिहून दिलं, तिने स्वतः अडकत अडकत टाकलं होतं म्हणून तिला नेमकं माहीत होतं माणूस कुठे अडकतो. तिचीच दुसरी पुल रिक्वेस्ट (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) पट्टीवरचा स्कोअर ज्या फाइलमधून वाचतो तिच्याबद्दलची. स्कोअर लिहिणारा प्रोग्रॅम फाइल आधी रिकामी करतो आणि मग लिहितो, त्या मधल्या क्षणी आमच्या प्लगइनने वाचलं तर रिकामी पट्टी चमकून जायची. तिने सुचवलं की रिकामी फाइल दिसली तर जुनाच मजकूर ठेवायचा आणि पुढच्या फेरीला पुन्हा बघायचं, आणि लिहिणाऱ्यांना सांगायचं की बाजूला दुसऱ्या नावाने लिहून मग नाव बदला. मी त्यावर दोन महिने टाइमर आणि कुलपं असलं काहीतरी करत बसलो होतो.

आता ल बद्दल, कारण यात माझा सगळ्यात जास्त जीव आहे. एका निवृत्त शिक्षकांची मेल आली, गावातल्या ग्रंथालयाचं व्याख्यान लाइव्ह बघताना त्यांनी पट्टी बघितली होती. लिहिलं होतं, आपण चांगलं काम करता, पण ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, मुलं हेच बघून शिकतील. बरोबर होतं त्यांचं. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा, राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तेच धरलंय, आणि हिंदीत ल दंडाचा, श गाठीचा. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्र दोन्हींना एकच क्रमांक आहे, कुठला आकार दाखवायचा ते फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकूर मराठी आहे असं सांगितलं तर फॉन्ट आपसूक मराठी ल काढतो. फक्त सांगावं लागतं. आम्ही सांगतच नव्हतो. पँगोला भाषा 'मराठी' दिली, एक ओळ, आणि 'लाल', 'शाळा', 'शिवलीला' सगळे शब्द डोळ्यासमोर बदलले. माझ्या पहिलीच्या बाईंनी फळ्यावर गिरवून घेतलेला तोच ल. सरांना स्क्रीनशॉट पाठवला, त्यांचं एका ओळीचं उत्तर मी अजून जपून ठेवलंय.

पण मी ती भाषा कोडमध्ये कायमची 'मराठी' करून टाकली होती. तीन आठवड्यांनी नेपाळमधून इश्यू, नवीन आवृत्तीत आमचा ल बदलला, हा आमचा नाही. त्या माणसाला जे वाटलं असेल ते मला बरोबर कळलं, कारण महिन्याभरापूर्वी मला तेच वाटत होतं. त्याच दिवशी भाषा निवडायची यादी घातली, मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत, आणि काही निवडलं नाही तर सिस्टमची जी भाषा असेल ती. नंतर बंगाली, कन्नड, मल्याळम, उर्दूवाले येत गेले, यादी वाढत गेली. उर्दूने पट्टी सरकवायची दिशा उलटी करावी लागली आणि तिथे आणखी दोन बग निघाले, ते आता सांगत बसत नाही.

आणि कऱ्हाड. प्लगइनमध्ये एक टाइपरायटर इफेक्ट होता, नाव एकेक अक्षर करत उमटतं. तिकडच्याच एका कुस्तीच्या स्ट्रीमवाल्याने व्हिडिओ पाठवला, दहा सेकंदांचा. मी तो फ्रेम फ्रेम करून बघितला. आधी 'क'. मग 'कऱ'. मग 'कऱ्', नुक्त्याचा र आणि खाली लोंबणारा हलंत. मग एकदम 'कऱ्ह', तो हलंत गायब आणि त्याच्या जागी ह च्या आधीची ती छोटी आडवी रेघ. मग काना, मग ड. डोळ्याला तीन अक्षरं, कॉम्प्युटरला सहा, आणि मी सहा मोजून सहा वेळा उमटवत होतो. मधला तो लोंबणारा हलंत पावपाव सेकंद दिसायचा आणि शब्द दुखावल्यासारखा दिसायचा, माझ्याकडे दुसरा शब्द नाही त्याला.

याच चुकीमुळे लांब नावं कापतानाही घोळ होत होता, पुढे तीन टिंबं लावताना शेवटी अर्धं अक्षर राहायचं. पँगो मजकुरात कर्सर कुठे थांबू शकतो ते सांगतो, ते वापरलं, आणि त्यावर माझा नियम घातला की हलंतानंतर व्यंजन असेल तर तिथे तोडायचं नाही. नंतर सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं, त्यात अक्षराच्या व्याख्येतच हा नियम आला, देवनागरीतलं जोडाक्षर आता एक अक्षर म्हणून धरतात. पण लोकांच्या मशीनवर जुन्या लायब्ररी बरीच वर्षं राहतात म्हणून माझा नियमही ठेवलाय. आता कऱ्हाड तीन टप्प्यांत उमटतं, क, ऱ्हा, ड. जोडाक्षर काना मात्रा वेलांटीसकट एकदम.

त्या व्हालग्रिंडवाल्या छोट्या प्रोग्रॅमचा पुढे उपयोग झाला म्हणालो तो हा. त्यात मी शब्दांची एक यादी घातली, प्रत्येक बदलानंतर गिटहबवर ते सगळे शब्द काढले जातात आणि आधीच्या चित्रांशी ताडून बघितले जातात, एक पिक्सेल हलला तरी लाल खूण. फॉन्ट प्लगइनच्या टेस्टमध्येच ठेवलाय, नाहीतर सिस्टमचा फॉन्ट बदलला की सगळंच लाल होतं, हे एकदा झालं आणि मी एक अख्खी सुट्टी माझ्या कोडमध्ये नसलेला बग शोधत घालवली. यादीत सुरुवातीला श्री, विठ्ठल, ज्ञानेश्वर, दऱ्या होते. प्रत्येक इश्यूबरोबर एक शब्द वाढतो. कऱ्हाड आहे, लाल आहे, शाळा आहे, नेपाळवाल्याने दिलेला त्याचा शब्द आहे. दुकानाच्या नावातलं '&' पण आहे, कारण ते चिन्ह आलं की पँगो त्याला खूण समजायचा आणि अख्खी पट्टी कोरी व्हायची, प्रायोजकाचंच नाव गायब, भावाला पुन्हा बोलणी.

सणांच्या आधी पंधरा दिवस मी आता नवीन आवृत्ती काढत नाही, गणपती, नवरात्र, आषाढी कार्तिकी, आणि जानेवारी ते मे यात्रांच्या हंगामात फक्त क्रॅशच्या दुरुस्त्या. ओबीएसची बीटा आली की त्याच आठवड्यात लावतो, भावाच्या जुन्या लॅपटॉपवर, कारण तिथे चाललं की सगळीकडे चालतं. त्याने आता नवीन मशीन घेतलंय, तो जुना माझ्याकडे दिलाय टेस्टिंगला, त्याच्या झाकणावर अजून सप्ताहाचं स्टिकर आहे.

गेल्या आठवड्यात एका कॉलेजमधून इश्यू आला, 'वाङ्मय मंडळ उद्घाटन' नीट येत नाही, मध्येच टिंब येतं. बघितलं तर त्यांच्या मजकुरात ङ नव्हताच, कोणीतरी ड, हलंत आणि मग चक्क पूर्णविराम टाइप केला होता, बरीच मंडळी असंच टाइप करतात कारण कीबोर्डवर ङ सापडत नाही. प्लगइनचा दोष नव्हता, इश्यू बंद करता आला असता. ङ कुठल्या कीवर आहे ते मोबाइल आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीचं लिहून पाठवलं, त्यांनी दुरुस्त केलं, आणि मग त्यांच्याकडच्या फॉन्टमध्ये ङ आणि म चं जोडाक्षरच नाही असं निघालं, हलंत दिसतोय. तो इश्यू उघडाच ठेवलाय. वाङ्मय आणि उद्घाटन दोन्ही यादीत घातलेत, आणि जोडाक्षर नसलेला फॉन्ट निवडला तर प्रॉपर्टीजमध्येच सूचना दिसेल असं काहीतरी या शनिवारी करून बघतो.